रात्री घरात कुणी शिरलं तर हात कुठवर चालवायचा?

गोदाकाठ (गेवराई)

महिनाभरापासून आमच्या गावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. नवीन कायदा आला, भारतीय न्याय संहिता कलम ४१, घरात चोर शिरला की जागेवर आडवा करा, काहीही होत नाही, दहा जणांना पाठवा. खाली गुरगुरणारा वाघ.

हसून सोडून दिलं असतं, पण आमच्याकडं रोज रात्री गस्त आहे. २०२४ च्या पावसाळ्याच्या तोंडाला बीड-जालना-संभाजीनगर पट्ट्यात रात्री ड्रोन फिरायला लागले, चोरटे वरून घरं हेरतात अशी आवई उठली, तेव्हापासून पोरं जागतात. आधी हातात बॅटरी आणि काठी असायची. आता कुऱ्हाडी आल्यात, एकाकडं तलवार आहे (आजोबांची म्हणतो, पण मूठ ऑनलाइन मागवल्यासारखी दिसते). गस्त नको असं माझं म्हणणं नाही. दसरा-दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला जातं. घराला कुलूप, नाहीतर घरात म्हातारं माणूस आणि शाळेतली लेकरं. राखण लागतेच. पण "यंदा एक तरी घावला पाहिजे" ही भाषा कानावर आली की पोटात गोळा येतो.

तर विचारायचं असं, की कायदा खरंच कुठवर मुभा देतो? आणि कायद्यानं दिली म्हणून माणसानं ती घ्यावी का? जाणकारांनी लिहा. नुसतं "ठोका" लिहायचं असेल तर आमच्या गावच्या ग्रुपवर या, तिथं जागा आहे.

आखाड्यावरचा (जिंतूर)

गेवराईकर भाऊ, तुमी गावात राहता म्हणून पोटात गोळा येतो. आमी आखाड्यावर, म्हंजे शेतातल्या घरात राहतो. चारी बाजूनं तूर, शेजारचं घर हाकेच्या टप्प्यात नाही. पोलीस ठाणं २८ किलोमीटर, त्यात शेवटची पाणंद अशी की पावसात बैलगाडी रुतती, पोलिसाची गाडी काय येती. बोअरची केबल गेली, स्टार्टर गेला, बकऱ्या गेल्या. केबलची तक्रार द्यायला गेलो तर म्हणतेत बिल आणा.

वस्तू जाऊ द्या. आखाड्यावर झोपलेल्या म्हाताऱ्या नवरा-बायकोला मारून अंगावरचे डाग ओरबाडून नेले, असल्या बातम्या आपून पेपरात वाचतो का नाही? मग रात्री दोन वाजता कडी वाजली तर मी काय विचारू त्याला, बाबा रे, तू नुस्तं बकरू न्यायला आलास का माझी मान कापायला? अंधारात त्याच्या हातात बॅटरी हाय का कत्ती हाय ते कसं कळावं? माझं सरळ हाय. आत आला की तो पडेपर्यंत. पुढचं पुढं.

मांजराकाठ (लातूर)

+१. पोलीस पंचनाम्याला येतात, चोरीला नाही.

काळा_कोट (जालना)

हा मेसेज पक्षकारांनी मला इतक्या वेळा पाठवलाय की आता इथं एकदाच सविस्तर लिहितो, पुढं लिंक देत जाईन.

यात नवीन काही नाही. १ जुलै २०२४ ला दंड संहिता जाऊन न्याय संहिता आली, पण स्वसंरक्षणाची कलमं १८६० पासूनची जवळपास तीच. जुनी ९६ ते १०६, आताची ३४ ते ४४. कलम ४१ म्हणजे जुनं १०३. मालमत्ता वाचवताना समोरच्याचा जीव गेला तरी गुन्हा होत नाही अशा मोजक्या वेळा त्यात दिल्यात. जबरी चोरी. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी झालेली घरफोडी. राहत्या किंवा माल ठेवायच्या जागेला आग लावणं, स्फोटकानं उडवणं. आणि शेवटची, साधी चोरी, नासधूस किंवा घरात घुसणं, पण अशा परिस्थितीत की आत्ता अडवलं नाही तर कुणाचा तरी जीव जाईल किंवा जबर दुखापत होईल अशी रास्त भीती वाटावी. मेसेजवाल्यानं इथपर्यंत वाचलं आणि टायपायला बसला.

त्याच कलमाच्या सुरुवातीलाच लिहिलंय की हे सगळं कलम ३७ च्या मर्यादेत. आणि ३७ म्हणतं, बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करायची नाही. पोलिसांकडं दाद मागायला वेळ होता, तर हा हक्कच नाही. म्हणजे रात्री भिंत चढून आलेला चोर तुम्हाला बघून हात जोडून कोपऱ्यात बसला, तर रात्र आहे, घरफोडी आहे, तरी त्याच्या डोक्यात कुऱ्हाड घालायची मुभा नाही. घरफोडीला भिंतच फोडावी लागते असंही नाही. भिंतीवरून चढून येणं, कुलूप काढणं, कडी उचकटणं, माणसानं ये-जा करायची नसते अशा झरोक्यातून उतरणं, सगळं त्यात येतं. उघड्या दारातून गुपचूप चालत आलेला मात्र त्यात बसत नाही, ते गृह-अतिक्रमण.

हक्क टिकतो किती वेळ, ते कलम ४३. घरफोडीत चोर घरात आहे तोवर. तो बाहेर पडून पळाला की जीव घेण्याइतका हक्क उंबऱ्यावर संपला. मागं धावून माल परत घेता येतो, त्याला पकडता येतं, झटापटीत त्याला थोडंफार लागलं तर कायदा समजून घेतो. शिवारात गाठून मारलं तर तो खून. जय देव विरुद्ध पंजाब राज्य म्हणून १९६२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे, शेताच्या ताब्यावरून मारामारी झाली, धोका होता तोवर चालवलेलं शस्त्र माफ, पण पळत सुटलेल्या माणसांवर लांबून झाडलेल्या गोळ्यांना माफी नाही.

आखाड्यावरचे, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच बाजूचं आहे. मान कापायला आलास का असं विचारत बसा, असं कायदा म्हणत नाही. रास्त भीती पुरे, पहिला वार अंगावर घ्यायची गरज नाही. २०१० च्या दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की कायदा पाळणाऱ्या माणसानं भेकडासारखं वागावं अशी अपेक्षा नाही, आणि हल्ला होत असताना प्रतिकार पायरीपायरीनं, गणितानं मोजून करता येत नाही. कोर्टात हा बचाव संशयापलीकडं सिद्ध करावा लागत नाही, तसं घडलं असण्याची शक्यता जास्त आहे एवढं दाखवलं तरी चालतं.

पण "तो पडेपर्यंत" म्हणालात. पडेपर्यंत ठीक. पडल्यावर?

उमरगा_एक्सप्रेस

आणि दिवसा शिरला तर काय, ओवाळायचं का त्याला?

काळा_कोट (जालना)

ओवाळू नका, पकडा. दिवसाची नुसती घरफोडी जीव घ्यायला पुरत नाही, जिवाची भीती असावी लागते. तो अंगावर आला तर कलम ३८, शरीराचा बचाव, त्याला दिवसरात्र नाही. डिसेंबरात आपल्याकडं सहाच्या आत सूर्य मावळतो, म्हणजे कायद्याची रात्र जेवणाच्या बरीच आधी सुरू होते.

गोदाकाठ, तुमच्या तलवारवाल्या पोराला निरोप द्या. चोर सापडायच्या आधी शस्त्र अधिनियमात तोच सापडेल.

बालाघाटी

वकीलसाहेब, मग रीतसर बंदुकीचं लायसन्स काढलं तर?

मांजराकाठ (लातूर)

बीडात २०२५ च्या सुरुवातीला प्रशासनानं परवाने रद्द करायचा सपाटा लावला, आणि तुम्ही आता मागायला निघालात. शुभेच्छा.

निवृत्त_जमादार (उदगीर)

खात्यात हयात गेली. कलमं साहेब लोक बघायचे, आम्ही जागा बघायचो. रक्त उंबऱ्याच्या आत का बाहेर. थारोळं एका ठिकाणी का ठिपके ओढत गेलेत. चोराच्या पायातली चप्पल कुठं निघाली. कडी कुठल्या बाजूला वाकली. घरमालकाच्या अंगावर साधा ओरखडा तरी आहे का. मग पीएम रिपोर्ट. जखमा समोरून का पाठीवर, डोक्यात एक तडाखा का सात-आठ. मनगटावर दोरीचे वळ दिसले की डॉक्टर मान वर करून बघायचे आणि आम्ही पण समजायचो. बांधलेल्या माणसापासून कुणाच्या जिवाला धोका असतो?

एक प्रकरण सांगतो, गाव सांगत नाही. रात्री शेळ्यांच्या गोठ्यात चोर सापडला. घरधन्यानं दोन काठ्या घातल्या, चोर खाली पडला, पाया पडायला लागला. इथवर घरधन्याचं काहीच चुकलेलं नव्हतं, मीच तसा जबाब लिहून घेतला असता. मग गाव जमलं. देवळाच्या खांबाला बांधलं. पहाटेपर्यंत येईल तो हात साफ करून गेला, आणि ज्यांचं आयुष्यात कधी सुपभर दाणे चोरीला गेले नव्हते तेच पुढं. सकाळी आम्ही पोचलो तर सगळे सांगतात, पळताना विहिरीच्या कठड्यावर आपटला. पंधरा-सोळा जण आत गेले. शेळ्यावाला सगळ्यात शेवटी जामिनावर आला, कारण गुन्ह्यात पहिलं नाव त्याचं. वकिलाला द्यायला त्याच शेळ्या विकल्या, नंतर रान.

माझं सांगणं एवढंच की आधी ११२ ला फोन लावा. गाडी येईल तेव्हा येईल. पण किती वाजता फोन केला याची नोंद राहते, आणि पुढं कोर्टात "वेळच नव्हता" हे नुसतं तोंडानं सांगण्यापेक्षा ती नोंद कामाला येते. गावात ग्राम सुरक्षा यंत्रणा असेल तर तिच्यावरून सगळ्यांच्या फोनवर एकदम निरोप जातो. पाच उजेड एकदम लागले की चोर थांबत नाही, हा माझा अनुभव.

पैठणकर_७१

आमच्या नाथांच्या वाड्यात कीर्तन चालू असताना चोर शिरले, देवघरात जाताच त्यांना दिसेनासं झालं. नाथांनी देवाकडं त्यांची दृष्टी मागून घेतली, जेवू घातलं आणि बोटातली अंगठीही देऊ केली, अशी कथा सांगतात. कलम-बिलम ठीक आहे, पण आपण ज्या मातीतले आहोत तिथं चोराकडं बघायची हीसुद्धा एक रीत होती.

आखाड्यावरचा (जिंतूर)

नाथ होते ते. आमच्या देवघरात शिरला तर त्याला सगळं स्वच्छ दिसतं.

रानजाई (केज)

सगळे दादा लोक केबल, शेळी, सोयाबीन यावर लिहीत आहेत. माझ्या घरचे सगळे तोडीला जातात. मी अंगणवाडीवर आहे म्हणून मागं राहते, संगं सासरे आणि लेकरं. सासऱ्यांना ऐकू येत नाही. बाई घरात एकटी असल्यावर दार वाजलं तर "शेळीसाठी आला असेल का" हा विचार येतच नाही, दुसराच येतो. वकीलदादा, त्यावर तुम्ही अर्ध्या ओळीत निघून गेलात.

काळा_कोट (जालना)

ताई, बरोबर आहे, लिहायला हवं होतं. कलम ३८. ठार मारायचा किंवा जबर दुखापतीचा हल्ला, बलात्काराच्या इराद्यानं हल्ला, पळवून न्यायचा हल्ला, आणि २०१३ पासून ॲसिड फेकणं किंवा तसा प्रयत्न, यांत समोरच्याचा जीव गेला तरी तुम्ही गुन्हेगार नाही. घरात असा, रानात असा. चोरीला गेलेल्या मालाची किंमत इथं कुणी विचारत नाही. शेजारीण तुम्हाला वाचवायला धावून आली तर तिलाही तोच हक्क आहे, कलम ३५ दुसऱ्याच्या शरीराचा बचावही धरतं. कोर्टाचा हात या कलमात मी तरी आखडलेला बघितला नाही.

रानजाई (केज)

मग ठीक. उशाशी विळा असतो, चटणीची पुडी असते. मला कुणाला मारायची हौस नाही, कोंबडी कापताना पण मी आत जाते. पण तशी वेळ आली तर विळा चालवीन, आणि नंतर कुणी मला पाप-पुण्य शिकवायला येऊ नये.

आता दुसरं. गस्तीची पोरं माझ्या दारावरून जातात तेव्हा निम्मी पिलेली असतात. "वहिनी, दार लावलं का" असं दोन-दोनदा हाळी देतात. मला चोराची जितकी भीती वाटते तितकीच त्यांची. हे गस्तीच्या धाग्यात कुठंतरी लिहिलेलं असावं म्हणून लिहिलं.

गोदाकाठ (गेवराई)

ताई, हे आमच्याही गावात असणार आणि कुणी बोलत नसणार. रविवारच्या बैठकीत काढतो.

टेक्सासचा_नांदेडकर

इथलं सांगतो, कारण दरवेळी कुणीतरी "अमेरिकेत बघा कसं असतं" म्हणतो. टेक्सासच्या कायद्यात रात्रीची चोरी थांबवायला, माल घेऊन पळणाऱ्यालासुद्धा, गोळी घालता येते. अटी आहेत, पण आपल्या ४१-४३ पेक्षा कितीतरी सैल. घर म्हणजे आपला किल्ला, हे तत्त्व इंग्लंडच्या कोर्टात १६०४ मध्येच मांडलं गेलं, इथं त्याला बंदुका जोडल्या.

परिणाम? १९९२ मध्ये शेजारच्या लुईझियानात एक १६ वर्षांचा जपानी विद्यार्थी हॅलोवीनच्या पार्टीला निघाला आणि चुकीच्या घराची बेल वाजवली. घरमालकानं "थांब" म्हणून ओरडून सांगितलं, पोराला ते नीट कळलं नाही, तो हसत पुढं आला. गोळी. पोरगा गेला. फौजदारी खटल्यात घरमालक निर्दोष सुटला, नुकसानभरपाईच्या दाव्यात मात्र साडेसहा लाख डॉलर द्या असा निकाल झाला. इथं कुरिअरवाला चुकीच्या दारात उभा असला तरी मला त्याच्यासाठी धाकधूक होते. आपल्याकडं "कोण हाय रं" असं आतून विचारायची पद्धत आहे ना, ती लाख मोलाची आहे.

आखाड्यावरचे, तुमच्यासारखंच एक प्रकरण इंग्लंडात झालं, १९९९, नॉरफोकमध्ये. शेतातल्या घरात एकटा राहणारा शेतकरी, आधी चोऱ्या झालेल्या, पोलिसांवर राग. रात्री दोघं शिरले, त्यानं विनापरवाना शॉटगन चालवली. १६ वर्षांच्या पोराच्या पाठीत गोळी लागली. खुनाची जन्मठेप झाली, २००१ मध्ये अपिलात ती सदोष मनुष्यवधावर आली, तीही त्याच्या मानसिक अवस्थेमुळं. स्वसंरक्षण ज्युरीनं मानलं नाही. अर्धा देश त्याच्या बाजूनं होता. पुढं २०१३ मध्ये तिथं घरमालकाला जरा जास्त मोकळीक दिली, पण अतोनात मारायची नाहीच.

मांजराकाठ (लातूर)

पाठ. सगळीकडं पाठच येतेय. पंजाब असो, नॉरफोक असो, जमादारांचा पीएम रिपोर्ट असो.

आकडेबहाद्दर_वायरमन (किनवट)

माणूस जागा असला तर निदान हात थांबवू शकतो. तारेचं काय? आमच्याकडं रानडुकराच्या नावाखाली रात्री वावराला करंट सोडतात. मोटरच्या खांबावरून आकडा, बारीक जीआय तार, गुडघ्याच्या खाली, बांबूच्या खुंट्या आणि खुंटीवर सायकलच्या ट्यूबचे तुकडे इन्सुलेशन म्हणून. अंधारात बॅटरी मारली तरी तार दिसत नाही, आधी ट्यूबचे काळे तुकडे दिसतात. हल्ली "डुकरं बी मरतेत अन् चोर बी" म्हणून मोटरीभोवती टाकायला लागलेत. त्या तारेला काय कळतं, येणारा चोर आहे, शेळीमागं आलेलं पोरगं आहे का परसाकडं निघालेली बाई आहे? बरेचदा मालकच सकाळी आकडा काढायचा विसरतो आणि स्वतः जातो, नाहीतर बैल जातो.

यावर कायदा काय म्हणतो? मी लोकांना समजावतो तर म्हणतात, माझं वावर, माझी तार.

काळा_कोट (जालना)

लाइट पण त्याची नाही, आकड्याची आहे. ते असो.

बिहारमधलं चेरुबिन ग्रेगरी प्रकरण त्यांना सांगा, सर्वोच्च न्यायालय, १९६३. शेजारणीच्या संडासाची भिंत पडली म्हणून ती याच्या संडासात यायला लागली. यानं आधी हटकलं, मग वाटेवर उघडी तार लावून करंट सोडला. ती मेली. यानं बचाव घेतला की ती घुसखोर होती आणि मी माझी मालमत्ता राखत होतो. न्यायालयानं म्हटलं, घुसखोर झाला म्हणून माणूस कायद्याच्या छत्राबाहेर जात नाही, आणि हे स्वसंरक्षण नाही. निष्काळजीपणानं मृत्यूच्या कलमात शिक्षा कायम. त्या कलमात तेव्हा दोन वर्षांपर्यंत होती, आता न्याय संहितेच्या १०६ मध्ये पाच वर्षांपर्यंत आहे. आणि माणूस मरू शकतो हे माहीत असून सोडला असं दिसलं तर प्रकरण सदोष मनुष्यवधात जातं.

डुकरांसाठी सौर कुंपणाचं झटका मशीन घ्या. झटका बसतो, जीव जात नाही.

संपादक

वरचा एक प्रतिसाद काढला आहे. एका समाजाचं नाव घेऊन "चोर म्हणजे तेच" असं इथं लिहिता येणार नाही.

पालावरून (बीड जिल्हा)

काढायला नको होता. आम्ही तसलं रोज ऐकतो, बाकीच्यांनीही वाचलं असतं.

मी पारधी. जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर आहे. १८७१ च्या कायद्यानं इंग्रजांनी आमच्यासारख्या जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं, ३१ ऑगस्ट १९५२ ला यादी रद्द झाली. ठाण्याच्या डोक्यातली झाली नाही, गावाच्या डोक्यातली त्याहून नाही. तालुक्यात घरफोडी झाली की गाडी आधी पालावर येते.

वकीलसाहेबांची "रास्त भीती" मला कळते. रानजाईताईची भीती तर खरीच. पण रात्री बंद पडलेली मोटरसायकल ढकलत मी तुमच्या गस्तीसमोर आलो आणि आडनाव सांगितलं, तर पोरांना जी भीती वाटेल ती रास्त धरायची का? माझी गाडी बंद पडली तर मी गावाच्या अलीकडं पुलावर थांबतो, आणि सकाळ झाल्यावर गावात शिरतो. मदत मागायला रात्री जात नाही. पोराला पण तेच शिकवलंय.

१ जुलै २०१८, राईनपाडा, धुळे जिल्हा. भिक्षा मागायला आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण. मुलं पळवणारी टोळी आली अशी अफवा मोबाईलवर फिरत होती. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारले. कुणाच्या घरात शिरले नव्हते, आठवडी बाजारात आले होते. मारणाऱ्यांनाही त्या वेळी आपण गाव राखतोय असंच वाटत होतं. कलम ४१ चा तो मेसेज असल्याच गावांत फिरतोय, म्हणून मला वाघाच्या फोटोला हसू येत नाही.

काळा_कोट (जालना)

मास्तर, भीती रास्त होती का हे साधारण शहाण्या माणसाच्या नजरेनं ठरतं. समोरच्यानं काय केलं यावर ती उभी राहते. आडनाव, पाल, बोली, मळके कपडे हे "काय केलं" यात येत नाही.

गस्तवाल्यांसाठी. पाच किंवा जास्त जण एका हेतूनं मारायला जमले की कलम १९० लागतं, जुनं १४९. नुसता काठी धरून उभा होता त्यालाही तेच कलम, ज्यानं डोकं फोडलं त्यालाही तेच. पाच किंवा जास्त जणांनी मिळून जात, समाज, जन्मस्थान, भाषा असल्या कारणावरून जीव घेतला तर न्याय संहितेचं १०३(२), फाशी किंवा जन्मठेप. हे मात्र खरोखर नवीन आहे, आणि याचा मेसेज कुणी बनवत नाही.

चोर सापडला तर धरून ठेवायचा अधिकार साध्या माणसालाही आहे. तुमच्या डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा (पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकतात आणि जामीन हक्कानं मिळत नाही असा) केला असेल तर नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४०. पण विनाकारण उशीर न करता, जास्तीत जास्त सहा तासांत पोलिसांच्या हवाली. आधी पोलीस पाटलाला बोलवा. पाणी द्या. जमादार सांगतील, कोठडीत येण्याआधीच मेलेला चोर म्हणजे सगळ्यांच्याच घरावर गाढवाचा नांगर.

निवृत्त_जमादार (उदगीर)

खरं आहे. अजून एक. रात्री सापडणाऱ्यात वेडसर माणसं बरीच असतात. बडबडतो, नाव सांगत नाही, कडी वाजवतो, दुसऱ्याच्या ओट्यावर झोपतो. तो अंगावर आला तर बचावाचा हक्क कायद्यानं आहेच, पण बहुतेक वेळा त्याला भाकरी आणि रेल्वे स्टेशनचा रस्ता पाहिजे असतो. दुसरे म्हणजे आमचेच लोक. परजिल्ह्यातलं पथक साध्या कपड्यात रात्री आरोपी उचलायला येतं आणि गाव चोर म्हणून चोपतं. ओळख सांगून, कार्ड दाखवून यावं हे मी खात्यातल्या पोरांना सांगत आलो. ऐकतात असं नाही.

बालाघाटी

थोडक्यात कायदा चोराच्या बाजूनं. चालू द्या.

रानजाई (केज)

भाऊ, तुम्ही धागा वाचलाच नाही.

गोदाकाठ (गेवराई)

वकीलसाहेब, १०३(२) आणि कलम १९० चं तेवढं वेगळं चार ओळींत लिहून द्या, ग्रुपवर टाकतो. वाघाचा फोटो माझ्याकडं आहे, लावून टाकू, त्याशिवाय कुणी उघडत नाही.

आखाड्यावरचा (जिंतूर)

मास्तर, गाडी बंद पडली तर पुलावर कामून थांबता, आमच्या आखाड्यावर या. चहा पाजतो, बैठकीत झोपा. फक्त बांधावरून आवाज द्या आधी, कुत्रं लई वंगाळ हाय.

वकीलसाहेब, तुमचं सगळं वाचलं, काही पटलं, काही नाही. घरात शिरलेला पडल्यावर पुन्हा मारू नये हे मान्य. पण एक सांगा. सोयाबीन काढून रानात गंजी लावली, वर्षाची कमाई ती. रात्री भाऊबंदकीतला एक जण काडी लावायला आला, मी बघितला. आग लावणं तर तुमच्या ४१ मध्ये हाय. मग?

काळा_कोट (जालना)

आग आहे, पण कशाला लावलेली आग ते बघा. कलमात लिहिलंय इमारत, तंबू किंवा जहाज, आणि तेही माणसं राहतात किंवा माल ठेवतात असं. गोठ्याला, गोदामाला, आखाड्याला लावली तर बसेल. गंजीला लागूनच घर असेल, आत माणसं झोपली असतील, तर जिवाच्या भीतीनं बसेल. उघड्या रानातली एकटी गंजी बसत नाही. त्याला अडवा, पाडा, हातातली काडी हिसकून घ्या, लागलं तर लागलं. जीव घ्यायचा नाही. जाळणं हा गुन्हा आहेच, त्याची शिक्षा वेगळी.

आखाड्यावरचा (जिंतूर)

म्हंजे जहाज हाय आणि गंजी नाही?

काळा_कोट (जालना)

हो. मसुदा मेकॉलेच्या काळातला, २०२३ ला नवीन केला तेव्हा पण जहाज तसंच राहिलं.

आखाड्यावरचा (जिंतूर)

जिंतूरला जहाज.

मांजराकाठ (लातूर)

येलदरी धरणात एखादी होडी असेल, बघा. तोवर गंजीवर ताडपत्री टाका आणि तिला तंबू म्हणा.

काळा_कोट (जालना)

असलं कोर्टात बोलू नका. मीच बोलून बघेन एकदा.